भिंत लिंपते ती, घर कुणाचं?

(मराठवाड्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात 'मातीची घरं, छोटी घरं आणि आपण' या विषयावर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मी गवंडी नाही, वास्तुशास्त्रज्ञ नाही. तीस-पस्तीस वर्षं बायांच्या संघटनेचं काम केलं आणि त्या कामात घर हा विषय सारखा समोर येत राहिला. कधी घरातून हाकललेली बाई म्हणून, कधी पडलेलं घर म्हणून, कधी कागदावर नसलेलं नाव म्हणून. त्यामुळे मी बोलणार आहे ते घराबद्दल आणि घरातल्या बाईबद्दल.

सुरुवात एका प्रश्नापासून करते. आमच्या गटातली एक बाई. नवऱ्यानं टाकलेली, पंधरा वर्षं माहेरी राहणारी. भावाच्या वाड्याच्या मागच्या पडवीत तिची चूल. मागच्या वर्षी भाऊ म्हणाला, "मागं मोकळी जागा पडलीय, तिथं बांधून घे एक खोली. मातीची बांध, तुला एकटीला काय लागतंय?" ती मला विचारायला आली, "ताई, मातीचं बांधू का सिमिटाचं?"

प्रश्न साधा वाटला. त्याच सुमारास मी शहराजवळच्या एका शिबिराला जाऊन आले होते. नोकरी सोडून जमीन घेतलेली तरुण मुलं-मुली तिथं आठवडाभर पैसे भरून मातीचं घर बांधायला शिकत होती. चांगली मुलं होती. सिमेंटमुळे हवेत किती कार्बन जातो, छोट्या घरात किती कमी वस्तूंत भागतं, परसात काय पिकवता येतं, सगळं त्यांनी अभ्यासलेलं. अनवाणी पायांनी चिखल तुडवताना ती हसत होती, फोटो काढत होती. मला माझी आई आठवली. तीही चिखल तुडवायची. तिचा फोटो कुणी काढला नाही आणि ती हसतही नव्हती, कारण तिला चिखल झाल्यावर भाकऱ्या थापायच्या होत्या.

मी त्या मुलांची टिंगल करत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. जगात माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बाळंतीण आणि म्हातारी माणसं कशी भाजून निघतात, ते तुम्हाला सांगायला नको. जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन आत यायला वेळ लावते. माती जवळ मिळते आणि घर पडलं तर तीच माती पुन्हा कालवता येते. हे सगळं मान्य. पण 'निसर्गाकडे परत चला' असं कुणी म्हटलं की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, परत गेल्यावर सारवणार कोण?

पोतेरं कुणाच्या हातात?

मातीच्या घराचं एक सत्य आहे. ते एकदा बांधून संपत नाही. जमीन आठ-पंधरा दिवसांनी सारवायची. भिंतींना पावसाळ्यानंतर पडलेले पोपडे काढून लिंपायचं. दसरा-दिवाळीच्या आधी पांढरी माती आणायची, ती भिजवायची, घर पोतारायचं. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, भेगा बुजवायच्या. शेण गोळा करायचं, पाणी डोक्यावर आणायचं. ही कामं कुणी केली? माळवदावर माती चढवायला गडी येत असतील, बाकीचं सगळं बायांनी. बाळंतपणातून उठलेल्या बाईनं केलं, ताप आलेल्या मुलीनं केलं. जमीनदाराच्या वाड्यात स्वतःच्या घरच्या बाईनं नाही केलं, तिथं दुसऱ्या जातीची बाई वर्षाच्या बलुत्यावर किंवा भाकरीवर राबली. श्रमाची वाटणी बाई-पुरुषांतच नव्हती, बाया-बायांतही होती, हे आपण विसरता कामा नये.

या कामाला मजुरी नव्हती आणि मानही नव्हता. ज्या फडक्यानं घर उजळ व्हायचं त्याला पोतेरं म्हणायचं, आणि बाईला कमी लेखायचं झालं की म्हणायचं, तिला पोतेऱ्यासारखं वागवतात.

तरी याच कामात मोठं ज्ञान होतं. कोणती माती भिंतीला चालते आणि कोणती चालत नाही, हे आपल्या आज्यांना हाताला कळायचं. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून ती भिंतीला नको. गावाजवळची पांढरी माती, नाहीतर मुरुमाड तांबडी माती बरी. तिच्यात भुसा, काड किंवा साळीचं तूस घालून दोन-चार दिवस कुजवायची म्हणजे भिंत चिरत नाही. हेच आज शिबिरात बाटलीचा प्रयोग करून शिकवतात: बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. खाली वाळू बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. कशाचा थर किती, ते दिसतं. प्रयोग चांगला आहे, आपणही करावा. पण शिकवणाऱ्यानं एवढं तरी म्हणावं की हे ज्ञान बायांचं आहे. तुराट्यांचा, पळाट्यांचा कूड विणून त्याला दोन्ही बाजूंनी लिंपणारी बाई अडाणी, आणि तेच करून दाखवणारा तज्ज्ञ, हा हिशेब आपल्याला मान्य नाही.

किल्लारीनं काय शिकवलं

आता दुसरी गोष्ट. ती बोलल्याशिवाय मराठवाड्यात मातीच्या घराबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा तिशीत होते. आम्ही मदतीला गेलो आणि पुढची काही वर्षं त्या गावांत जात राहिलो.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक वाक्य रूढ झालं: मातीच्या घरांनी माणसं मारली. ते वाक्य अर्धंच खरं आहे. माणसं कशाखाली गेली ते नीट पाहू या. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून एक दगडाचा थर, आतून दुसरा, मध्ये दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठंच नाही. जमीन हलली तशा भिंती पोटातून फुटल्या आणि दोन्हीकडे कोसळल्या. वर माळवद. दर पावसाळ्याला त्याच्यावर माती टाकत गेल्यानं वर्षानुवर्षं वजन वाढत गेलेलं, काही ठिकाणी दोन फुटांच्या वर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जिथं लाकडी खांब आणि तुळया होत्या आणि त्यांचे सांधे पक्के होते, तिथं भिंती पडूनही सांगाडा उभा राहिलेला आम्ही पाहिला. आणि गावाबाहेरच्या वस्तीत, जिथं गरिबांच्या कुडाच्या, गवताच्या झोपड्या होत्या, तिथं माणसं जास्त वाचली. ज्यांना दगडी भिंत परवडत नव्हती ते जगले.

पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तिथली जुनी मातीची गोल घरं, ज्यांना भुंगा म्हणतात, त्यांतली बरीच टिकली. गोल भिंत, वर गवताचं हलकं छप्पर. आणि त्याच भूकंपात नीट न बांधलेल्या सिमेंटच्या कितीतरी इमारती पडल्या. म्हणजे दोष एकट्या मातीचा नाही. वजन कुठं आहे, सांधे बांधलेत का, कोपरे एकमेकांना धरून आहेत का, यावर सगळं ठरतं.

हे मी तेव्हा तज्ज्ञांकडून शिकले. भूकंपानंतर जी घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, त्यांच्या दुरुस्ती आणि मजबुतीचा मोठा कार्यक्रम सरकारनं घेतला, हजाराहून जास्त गावांत. त्यात सांगितलं जायचं: माळवदावरची माती काढून वजन कमी करा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतील. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरका आधार द्या. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना वेढणारा सलग पट्टा घाला. यातलं काहीच आपल्याला न समजण्यासारखं नाही. पोत्याचं तोंड आपण दोरीनं आवळतो, तसा तो पट्टा.

पण सुरुवातीला हे बायांना कुणी सांगतच नव्हतं. इंजिनिअर यायचा, पुरुषांशी बोलायचा, जायचा. दुरुस्तीचे पैसे पुरुषाच्या खात्यावर. मग स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, गावागावांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून या कार्यक्रमात आणलं गेलं. महिला मंडळातल्या साध्या बाया, काही निरक्षर. त्या घरोघरी जाऊन सांगायला लागल्या, काम पाहायला लागल्या, सिमेंट किती पडलं ते मोजायला लागल्या. आधी लोक हसले. पुढं गवंडी त्यांना बघून नीट काम करायला लागले. २००१ नंतर त्याच भागातल्या बाया कच्छला गेल्या, तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला. ज्या बाईला सासरा घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हता, ती परराज्यात जाऊन भिंत कशी बांधावी हे सांगत होती. आपल्या चळवळीच्या इतिहासात ही गोष्ट लिहिलेली असली पाहिजे.

छोटं घर: आवडीचं आणि वाट्याला आलेलं

जी गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली, अशी बावन्न गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं द्यायचं हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. घरात माणसं किती, बाया किती, म्हातारी किती, हा प्रश्नच नव्हता. आणि जमीन कुणाच्या नावावर असते ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे भूकंपात सगळं गेल्यावरही कुटुंबाची जुनी पायरी नव्या भिंतींच्या मापात उतरली.

आज शहरातली माणसं हौसेनं 'छोटं घर' बांधतात. अडीचशे-तीनशे फुटांत मजेत राहता येतं असं सांगतात. राहता येतं, जर बाहेर मोकळं अंगण असेल, पाणी असेल, संडास असेल, आणि नको वाटलं तर दुसरीकडे जायची सोय असेल. आपल्या बाया पिढ्यान् पिढ्या छोट्या घरात राहिल्या, पण त्यांना ते कुणी विचारून दिलं नव्हतं. अडीचशे फुटांत सासू-सासरे, दीर, तीन मुलं. कपडे बदलायला आडोसा नाही. नवऱ्यानं हात उगारला तर मागं सरायला जागा नाही.

नव्या गावांत आणखी एक झालं. आखणी शहरासारखी, सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. गाव जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलं. जुन्या घराला उंच भिंतीच्या आतलं अंगण होतं. तिथं बाई निवडायची, टिपायची, वाळवण घालायची, न्हायची, शेजारणीशी बोलायची. ते अंगण नकाशा काढणाऱ्याला दिसलं नाही. कारण त्याच्या हिशेबात घर म्हणजे छपराखालची जागा. बाईच्या हिशेबात घराचा निम्मा भाग छपराबाहेर असतो. नव्या घरात राहायला गेल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर जमेल तसं कुंपण, आडोसा उभा केला.

म्हणून छोट्या घराला माझा विरोध नाही. घर लहान असो, पण ते बाईला विचारून आखलेलं असो. चुलीला धुराडं असो, न्हाणी आणि संडास असो, आतून लागणारी कडी असो, आणि भिंतीबाहेर तिची म्हणावी अशी थोडी जमीन असो.

थापी हातात घेतली पाहिजे

बांधकामावर आपल्या हजारो बाया आहेत. त्या घमेली उचलतात, पाणी मारतात, वाळू चाळतात. त्यांना बिगारी म्हणतात. ज्याच्या हातात थापी आणि ओळंबा, तो गवंडी, त्याची मजुरी जास्त. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला, पण बाईला थापीच दिली नाही तर काम समान होणार कसं? गंमत पाहा: तीच बाई घरी भिंत सफाईनं लिंपते. तिथं हाताला कौशल्य आहे, पण मजुरी नाही. साइटवर मजुरी आहे, पण कौशल्याचं काम तिला नाही.

मातीच्या बांधकामात एक संधी आहे ती इथं. यात सामानावर कमी आणि हातांवर जास्त खर्च होतो. तो पैसा सिमेंटच्या कारखान्याकडे जाण्याऐवजी गावातल्या मजुरीत राहू शकतो. पण आपण जागरूक राहिलो नाही, तर होईल असं की मातीचा 'कलाकार' पुरुष शहरातून येईल आणि आपल्या बाया त्याच्यासाठी पुन्हा चिखलच तुडवतील.

या क्षेत्रात एका बाईचं नाव मला आवर्जून घ्यायचं आहे, दीदी कॉन्ट्रॅक्टर. जन्म १९२९, अमेरिकेत. एका गुजराती माणसाशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि काही वर्षं आपल्या नाशिकला एकत्र कुटुंबात राहिल्या, मग मुंबईला. पुढं त्या हिमाचलमध्ये कांगडा खोऱ्यात जाऊन राहिल्या. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ज्या वयात बाईनं देव-देव करावं अशी अपेक्षा असते, त्या वयात त्या माती, बांबू, स्लेटचा दगड आणि लाकूड वापरून घरं, दवाखाने, संस्थांच्या इमारती बांधायला लागल्या. २०१९ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्या गेल्या. कांगडा हा भूकंपाचा प्रदेश आहे. तिथं मातीचं बांधायचं तर विचारपूर्वक बांधावं लागतं. 'पदवी नाही म्हणून मला बोलायचा हक्क नाही' असं आपल्यातली कुणी म्हणाली की मला त्यांची आठवण होते.

कच्चं घर, कच्चा हक्क

आता त्या मैत्रिणीकडे परत येते. "मातीचं बांधू का सिमिटाचं?" मी तिला उलट विचारलं, "जागा कुणाच्या नावावर आहे?" ती म्हणाली, "दादाच्या. पण तो देतोय की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ खोली बांधून घे म्हणत होता, त्याच आठवड्यात तो एका कागदावर तिची सही मागत होता. तो कागद होता हक्कसोडपत्र. वडिलांच्या वाड्यातला आणि जमिनीतला तिचा हिस्सा तिनं सोडल्याचा. आणि 'मातीची बांध' यामागचं कारणही कळलं. मातीची खोली म्हणजे उद्या नको झाली तर दोन पावसाळे छपराकडे लक्ष दिलं नाही की संपली. कुणाला पाडायलाही लागत नाही. सिमेंटचं घर उभं राहिलं तर ते तिचं म्हणून उभं राहील, याची त्याला भीती. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पंधरा वर्षं जेवू घातलं होतं. पण जेवू घालणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं, हे आपण किती घरांत पाहिलंय!

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा लख्ख झालं की आपल्या समाजात कच्चं घर आणि कच्चा हक्क हे एकमेकांना धरून असतात. सरकारी यादीतही मातीची भिंत म्हणजे कच्चं घर. मातीच्या घरावर बँक कर्ज द्यायला मागंपुढं पाहते. म्हणून गरीब बाईला सिमेंट हवं असतं ते हौस म्हणून नाही. तिला वाटतं, सिमेंट म्हणजे मी इथं आहे याचा पुरावा. तिला 'पर्यावरण बिघडतं' असं भाषण देण्याआधी आपण तिला दुसरा पुरावा मिळवून दिला पाहिजे. तो म्हणजे कागद.

कागदाची ही लढाई नवी नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांना संघटित केलं. बहे गावात या बायांनी मागणी केली ती स्वतःच्या नावावर घराला जागा हवी म्हणून. नुसती पोटगी नको, माहेरची पडवी नको, स्वतःची जागा. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. ज्यांना समाज 'टाकलेल्या' म्हणत होता, त्यांनी घराचा प्रश्न राजकीय केला.

आज आपल्या हातात काही साधनं आहेत, ती माहीत हवीत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्यानं बाईला ती राहते त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर कुणाच्याही नावावर असो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, घर पती-पत्नी दोघांच्या नावावर किंवा बाईच्या नावावर मंजूर करायचं असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावं लावण्याची मोहीम आपण चालवली. पण लक्षात ठेवा, नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देण्याची ती योजना. त्या पत्रकावर कुणाचं नाव लागतंय ते पाहायला आपल्या किती जणी गेल्या? मोजणीच्या दिवशी बाई शेतात असेल, तर नाव पुरुषाचंच लागणार.

आणखी एक हिशेब सांगते. आवास योजनेतलं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. किल्लारीत भूमिहीनाला २५० फूट मिळाले होते. त्यानंतर इतकी वर्षं गेली आणि गरिबाचं घर सरकारी हिशेबात एकोणीस फुटांनी वाढलं.

परसातली एक एकर

घराभोवतीच्या जमिनीबद्दलही बोललं पाहिजे. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करावा. शंभर जणांनी तसं केलेल्या गावांना लक्ष्मीमुक्त गाव म्हणायचं. त्या जमिनीवर बाईनं विकतच्या खता-औषधांशिवाय, आपल्या अक्कलहुशारीनं प्रयोग करावेत, त्याला सीताशेती म्हटलं गेलं. शरद जोशींच्या इतर आर्थिक विचारांशी आपल्यातल्या अनेकींचे मतभेद होते आणि आहेत. पण बाईच्या नावावर जमीन ही गोष्ट त्यांनी पुरुष शेतकऱ्यांसमोर उभं राहून मांडली, हे मान्य केलं पाहिजे.

आज धाराशिव, लातूर, सोलापूर भागात बाया नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घेतात आणि तिथं आधी घरच्या ताटातलं पिकवतात: ज्वारी, तूर, मूग, मटकी, शेवगा, पालेभाज्या. शेणखत, गांडूळखत घरचं. दुष्काळात सोयाबीन किंवा ऊस गेला तरी चूल पेटते. हेच तर ते 'स्वावलंबी घर', ज्याची पुस्तकं शहरात विकली जातात. पण इथंही माझा तोच प्रश्न. ती एकर सातबाऱ्यावर कुणाची? आणि घरकाम, मजुरी, त्यावर ही बाग, म्हणजे दिवसाचे किती तास? स्वावलंबनाचं सगळं ओझं एकट्या बाईच्या कमरेवर येणार असेल, तर ते घर स्वावलंबी नाही. ते बाईवर अवलंबून आहे, एवढंच.

मग काय करायचं?

आमच्या त्या मैत्रिणीनं काय केलं ते सांगून संपवते. तिनं सही केली नाही. गटातल्या चौघीजणी भावाकडे गेल्या. भांडायला नाही, बसून बोलायला. तीन महिने तो बोलत नव्हता. वहिनी पाणी भरताना तोंड फिरवायची. तिला रात्री झोप लागायची नाही, "माझं माहेर तुटलं" म्हणून रडायची. ते खोटं नव्हतं, किंमत तिनं मोजली. शेवटी जमिनीतला हिस्सा तिनं आग्रहानं मागितला नाही. तो तिचा निर्णय, मला पटला नाही, पण तिचा. वाड्यामागची दोन गुंठे जागा मात्र नोंदणी केलेल्या वाटणीपत्रानं तिच्या नावावर झाली. आधी कागद, मग भिंत, एवढा क्रम तिनं मोडला नाही.

आणि भिंत? तिनं मातीचीच बांधली. "आता माझी जागा हाय, मला थंड घर पायजे," म्हणाली. पण आईच्या पद्धतीनं नाही. मातीच्या भिंतीला दोन धोके, वरून पाऊस आणि खालून ओल. म्हणून दगडाचं जोतं दोन फूट उंच घेतलं. छपराच्या वळचणी लांब काढल्या. वर माळवद नाही, हलकं कौलारू छप्पर. कोपरे एकमेकांत गुंफले, खिडक्या लहान आणि कोपऱ्यांपासून दूर, आणि दारांच्या वरून सलग पट्टा. बाहेरून चुन्याचा गिलावा, म्हणजे दर वर्षी लिंपायला नको. जमिनीला शहाबादी फरशी. शिबिरातल्या मुलांनी विचारलं, "मावशी, शेणाची जमीन का नाही?" ती म्हणाली, "माझे गुडघे गेलेत, बाबांनो. तुमी येणार का दर आठवड्याला सारवायला?" मला वाटतं, नैसर्गिक बांधकामावरची सगळ्यात चांगली टीका मी त्या दिवशी ऐकली.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गटांनी चार गोष्टी कराव्यात असं मी सुचवते.

एक, गावात कुणाचंही घर मंजूर झालं की आधी नावाची चौकशी करा. नमुना आठ, मालमत्ता पत्रक, वाटणीपत्र, सगळं. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी गटाला विचारायचं, असा ठराव करा.

दोन, दर तालुक्यात निदान पाच-सहा बायांनी गवंडीकाम शिकावं. माती, चुना, दगड आणि भूकंपाचा पट्टा, चारही. आणि मजुरी गवंड्याचीच घ्यावी.

तीन, घरकुलाच्या योजनांत नीट बांधलेल्या मातीच्या भिंतीला पक्कं म्हणून मान्यता मागा. ग्रामविकास मंत्रालयानंच देशातल्या स्थानिक पद्धतींच्या घरांचं 'पहल' नावाचं संकलन केलेलं आहे. ते पंचायत समितीत नेऊन दाखवा. भूकंपाच्या भागात मात्र सुरक्षिततेत तडजोड नको, स्वस्ताच्या नावाखाली तर नकोच.

चार, सारवण, लिंपण, परसबाग, पाणी, ही कामं घरातल्या पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या वाट्याला आली पाहिजेत. ज्या घरात मुलगा सारवतो, ते घर खरं पर्यावरणवादी, असं मी मानते.

मातीवर माझा राग नाही. आईच्या हाताचा वास मला अजून ओल्या भिंतीतून येतो. पण त्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव नव्हतं. ती गेली तेव्हा नावातून कमी करायलाही काही नव्हतं. आपल्या मुलींच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवून उठू या.

जिंदाबाद.